भुवड आणि त्यांच्या खासदारबाई

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या ऑफिसातला प्रिंटर अचानक चालू झाला आणि थांबेचना. मी डबा बाजूला ठेवून उठेपर्यंत चौदा पानं बाहेर पडली होती. सगळं इंग्रजी. वर ब्रिटनच्या संसदेचं नाव. मला वाटलं, कुणाला तरी व्हिसाचा फसवा फॉर्म आलाय आणि तो आता माझ्याच कागदावर छापून माझ्याच पोरांना विकायला निघालाय. तेवढ्यात दारात भुवड उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, ती पानं माझी आहेत."

दत्ताराम भुवड हे माझ्या कंपनीचे कॅम्प बॉस. माझा रंगकामाचा आणि वॉटरप्रूफिंगचा ठेका आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका इमारतीचे दोन मजले मी माणसांच्या राहण्यासाठी घेतले आहेत. तिथे कोण कुठल्या खोलीत झोपणार, मेसमध्ये काय शिजणार, पहाटे बसमध्ये किती माणसं चढली, हे सगळं कॅम्प बॉस बघतो. भुवड गुहागरकडचे, दहावी पास, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. एकोणीस वर्षं माझ्याकडे होते. बुटके, सडपातळ, शर्टाची कॉलर कायम इस्त्रीची. बोलताना ओठ फारसे उघडत नसत. बसमध्ये माणूस चढला की त्याच्या खांद्याला बोट लावून मोजत. नुसतं डोळ्यांनी मोजलेलं त्यांना पटत नसे.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"भाषणं. आमची सुजू राहते ना, तिथल्या खासदारबाईंची. पोलिसांवर बोलल्यात त्या."

"तुमच्या गुहागरचा आमदार काय बोलतो, ते कधी वाचलंत का?"

"त्यांचं असं छापून कुठे मिळतं शेठ?"

मी कागदाच्या खर्चावरून ओरडलो. दुसऱ्या दिवशी भुवडांनी स्वतःच्या पैशाने कागदाचं एक पुडकं आणून प्रिंटरच्या टेबलाखाली ठेवलं आणि त्यावर पेनाने लिहिलं: द. भुवड, खाजगी.

सुजाता ही त्यांची एकुलती मुलगी. चिपळूणला नर्सिंगचा कोर्स करून ती इंग्लंडमधल्या एका लहान शहरात वृद्धांच्या सेवाकेंद्रात नोकरीला लागली होती. त्या शहराचं नाव भुवडांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. पण तिथल्या खासदार कोण, हे त्यांनी पहिल्या महिन्यातच शोधून काढलं. संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक सभासद कधी आणि कशावर बोलला, याची यादी असते. तारीख दाबली की पूर्ण बोलणं उघडतं. भुवडांना हा शोध लागला आणि मग त्यांना दुसरं काही नको झालं. मेसमध्ये बाकीचे क्रिकेट बघत, हे कोपऱ्यात बसून मोबाइलवर शब्दाचा अर्थ काढत आणि कागदाच्या कडेला मराठीत लिहीत. बाई मुख्यतः तीन गोष्टींवर बोलत: पोलीस, बाहेरून आलेली माणसं आणि घरं. भुवड म्हणत, "आपल्या कॅम्पात तरी चौथं काय असतं?"

पोरं चेष्टा करायची. "मामा, बाई आज काय म्हणाल्या?" कुणी विचारायचं, "मामींना ठाऊक आहे का?" भुवड चिडत नसत. मान खाली घालून खरंच सांगायला लागत आणि विचारणारा अडकायचा. सुट्टीला घरी आलेल्या माझ्या मुलीने एकदा त्यांच्याशी या भाषणांवर तासभर गप्पा मारल्या आणि गाडीत मला म्हणाली, "डॅड, ही अंडरस्टँड्स इट बेटर दॅन माय प्रोफेसर." माझ्या घरात मला असलं कुणी कधी म्हटलेलं नाही.

त्या वाचनाचा मला जो त्रास झाला, तो आता सांगतो.

जबल अलीच्या एका गोदामाचं काम मला मिळालं आणि आठ पेंटर वाढले. मी भुवडांना सांगितलं की आठ खोल्यांत एकेक खाट घाला, खलास. ते टेप घेऊन गेले, खोल्या मोजून आले आणि म्हणाले, माणशी जागेच्या नियमात बसत नाही. मी म्हटलं, चार खोल्यांत घाला, बाकीच्या चौघांचं बघू. ते म्हणाले, बसत नाही. मी दोनवर आलो. मी स्वतः ब्रश हातात घेऊन या देशात आलो, एका खोलीत चौदा जण झोपलोय, आणि आजवर माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकलेलं नाही, कारण समोरचा कुठेतरी एक पाऊल सरकतोच. भुवडांना घासाघीस येतच नव्हती. त्यांचा पहिला आकडा आणि शेवटचा आकडा एकच असे. त्यांनी मला बाईंचं घरांवरचं भाषण समजावून सांगितलं: घरात किती माणसं मावतात, हे भाडं घेणाऱ्याने ठरवायचं नसतं. मी म्हटलं, तुमच्या बाई माझं भाडं भरणार आहेत का? ते म्हणाले, "शेठ, उद्या नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन आला तर त्याचीही मापं हीच निघणार ना?"

मी भीतीपोटी वरच्या मजल्यावर आणखी एक खोली घेतली. वर्षाला चोवीस हजार दिरहम, म्हणजे आपले साडेपाच लाखांच्या वर. त्या वर्षी तपासणीला कुणीही आलं नाही. हे मी भुवडांना महिन्यातून एकदा ऐकवायचो. ते म्हणत, "नोंद चांगली राहिली ना." नोंद हा त्यांचा आवडता शब्द होता. कुठलीही गोष्ट नोंदली गेली की तिची अर्धी काळजी मिटते, असं ते मानत.

पोलिसांवरच्या भाषणाचा प्रसाद मला नंतर मिळाला. बारा नंबरच्या खोलीतून एकाचा नवा मोबाइल गेला. त्या खोलीत गोरखपूरकडचा एक माणूस आठवड्यापूर्वीच आला होता. सगळ्यांचा संशय त्याच्यावर. मी पोहोचलो तर व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं आणि मधे तो माणूस आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसलेला. मी म्हटलं, उघडा पेटी, यल्ला, चला लवकर, पाच मिनिटांचं काम. भुवड मधे आले. त्यांनी खिशातून कागदाचे चिठोरे काढून एकेकाला वाटले. ज्याला पेटी उघडायची आहे, त्याने हीच पेटी का, ते लिहायचं आणि खाली सही करायची. संशयाचं कारण लिहून देता येत नसेल तर झडती घ्यायची नाही, असं बाईंचं म्हणणं होतं म्हणे. तिघांनी लिहिलं. एकाने लिहिलं, नया है. दुसऱ्याने लिहिलं, बोलत नाही. तिसऱ्याने नुसतीच सही केली. भुवडांनी तिन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. मग त्यांनी उरलेला चिठोरा माझ्यासमोर धरला.

"शेठ, तुमचं कारण?"

माझ्याच कॅम्पात, माझ्याच माणसांसमोर. मी तो फाडला आणि निघून आलो. पेटी उघडली गेली नाही. मोबाइलही कधी सापडला नाही.

एवढं होऊनही मी त्यांना काढलं नाही. कारण उघड आहे. त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षांत माझ्या कॅम्पात कधी मारामारी झाली नाही आणि माझ्या मेसमधून तांदळाचा दाणा बाहेर गेला नाही.

मग सुजाताला ते पत्र आलं.

ती काम करायची त्या सेवाकेंद्राच्या मालकाने काहीतरी गैरव्यवहार केला आणि परदेशी माणसं ठेवण्याचा त्याचा परवाना सरकारने काढून घेतला. चूक मालकाची, पण व्हिसा गेला कामगारांचा. साठ दिवसांत नवा परवानाधारक मालक शोधून अर्ज करा, नाहीतर देश सोडा. सुजाताच्या नोकरीसाठी भुवडांनी गावची जागा गहाण टाकली होती, आणि तिचं लग्न ठरलं होतं ते ती तिथे आहे म्हणून. ती परत आली तर दोन्ही जाणार. हे त्यांनी मला एका दमात सांगितलं, उभ्यानेच, आणि मग दुधाची गाडी आली म्हणून निघून गेले.

त्या दिवसापासून भुवड मोजू लागले. बसमधली माणसं दोनदा, मग तीनदा मोजत. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. इस्त्री केलेला शर्ट घडी मोडून पुन्हा इस्त्री करत. एकदा मेसच्या पिठात मीठ दोनदा पडलं आणि शंभर माणसं भाकरी तशीच टाकून कामावर गेली. मी ओरडायला म्हणून तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. कॅम्पातल्या पोरांनी चेष्टा बंद केली होती. ते नुसतं विचारायचे, "मामा, आज कितवा?" भुवड आकडा सांगायचे.

विसाव्या दिवशी त्यांनी सुजाताला खासदारबाईंना पत्र लिहायला लावलं. आधी त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यावर उत्तर आलं की बाईंना फक्त आपल्या मतदारसंघात राहणाऱ्यांचंच काम बघता येतं, तुमच्या मुलीने लिहावं. सुजाता लिहायला तयार नव्हती. मोठ्या माणसांना कशाला त्रास द्यायचा, उलट आपलंच नाव वर येईल, असं तिचं म्हणणं. भुवडांनी चार दिवस फोनवर तिची समजूत घातली. तिने लिहिलं आणि बाईंच्या ऑफिसने तिची केस हातात घेतली.

तेहेतिसाव्या दिवशी बाई संसदेत उभ्या राहिल्या. दुबईत तेव्हा संध्याकाळ होती, बस नुकती परत आली होती. मेसमध्ये भुवडांचा मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला आणि भोवती तीसेक माणसं, कुणी टॉवेलवर, कुणाच्या हातात बादली, हाताकोपरांवर पांढरा रंग. मी मुद्दाम गेलो होतो. करड्या कोटातली एक बाई उठली आणि मालकाच्या गुन्ह्याची शिक्षा कामगारांना का, असं तिने विचारलं. मिनिटभरसुद्धा झालं नसेल. मंत्र्याने गोलगोल उत्तर दिलं. सुजाताचं नाव कुठेच आलं नाही. भुवड मात्र तोवर उभे राहिले होते आणि बाई खाली बसल्यावरच बसले.

"झालं?" कुणीतरी विचारलं.

"नोंद झाली," भुवड म्हणाले.

आता माझं ऐका. मी हे सगळं बघितलं आणि मला वाटलं, गाडी हलली आहे, आता एक धक्का हवा. तीस वर्षं मी या देशात धंदा करतोय. रमजानमध्ये प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरच्या घरी माझ्याकडून खजुराची पेटी जाते. त्यात लाच नसते, माणुसकी असते. आपण कुणाकडे काम घेऊन जातो तेव्हा रिकाम्या हाताने जात नाही. मी भुवडांना तसं सुचवलंही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तिथे तसं नसतं शेठ." मला राग आला. मुलगी बुडायला निघाली आहे आणि हा माणूस नियम सांगतोय. मी दुसऱ्याच दिवशी उत्तम अजवा खजुराची पेटी घेतली, गुहागरच्या काजूंचं पाकीट त्यावर बांधलं आणि बाईंच्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरिअर केलं. आत कार्ड: सुजाताचे वडील दत्ताराम भुवड यांजकडून, आदरपूर्वक. केस नंबरही घातला. भुवडांना सांगितलं नाही. काम झाल्यावर सांगणार होतो.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी भुवड माझ्या केबिनमध्ये आले आणि त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. बाईंच्या ऑफिसची ईमेल. भाषा सभ्य होती. आपल्या भावना पोहोचल्या, पण अशी भेट आम्हाला स्वीकारता येत नाही, ती इथल्या एका अन्नछत्राला दिली आहे, केसचं काम नेहमीप्रमाणे सुरू राहील.

"हे तुम्ही केलंत?"

"केलं. मग काय झालं? काम सुरू राहील असं लिहिलंय ना? नीट वाचा."

"वाचलं."

मी बोलत राहिलो. माझ्या चांगुलपणाबद्दल, अजव्याच्या भावाबद्दल, जगाच्या रीतीबद्दल. ते ऐकत उभे होते. माझं संपल्यावर म्हणाले, "शेठ, गावात तलाठ्याकडे गेलो तर कोंबडी नेली. एजंटकडे गेलो तर जागा नेली. तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या मामांनी तुमच्यासाठी काजू दिले होते, तुम्हाला आठवत नसेल. एका माणसापुढे मी हातात काही न घेता उभा होतो, आणि त्या बाईंनी माझ्या पोरीचं पत्र वाचलं होतं." टेबलावरचा कागद उचलून म्हणाले, "आता नोंदीत खजूर आहे."

ते गेले. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त कामाचं बोलले. किती माणसं, किती तांदूळ, कुठली बस.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले, ते मी काचेतून बघितलं. माफीचं पत्र त्यांनी तीनदा लिहिलं. तिसरं माझ्या मुलीने तपासून दिलं आणि मला म्हणाली, "डॅड, यू शुड से सॉरी टू हिम." मी म्हटलं, कशाबद्दल? त्यांच्या भल्यासाठी केलं. ऑफिसचं उत्तर आलं की काळजी करू नका. पण काळजी न करणं भुवडांच्या हातात राहिलं नव्हतं. कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी अधिकाऱ्यासमोर मुलीच्या फाइलमध्ये ते कार्ड पडलंय, आणि तो अधिकारी भुवया उंचावून ते वाचतोय, एवढंच त्यांना दिसत असणार. ते जेवणाच्या ताटासमोर बसत आणि उठत.

पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास सुजाताचा मला फोन आला. रडवेला आवाज. "काका, तुम्ही अण्णांना समजावा. त्यांनी इथे खजूर-काजू पाठवले. मला किती लाज वाटली. मी खूप बोलले त्यांना. आता बोलल्याचंही वाईट वाटतंय. असलं परत काही करू नका म्हणावं."

म्हणजे भुवडांनी ते स्वतःवर घेतलं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"बरं," मी म्हटलं, "सांगतो त्यांना."

सत्तावन्नाव्या दिवशी तिला उत्तरेकडच्या एका गावात दुसरं सेवाकेंद्र मिळालं आणि अर्ज भरला गेला. अर्ज भरला की निर्णय होईपर्यंत राहता येतं. पण निर्णय कधी आणि काय येईल, ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंच्या ऑफिसने व्हिसाच्या खात्याला दोनदा पत्रं लिहिली, असं माझ्या मुलीकडून कळलं. माझ्या खजुराने काम अडलं नाही आणि पुढेही सरकलं नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण कॅम्पात अजून कुजबुज आहे की शेठने मामांच्या पोरीचं वाटोळं करायला घेतलं होतं.

त्याच आठवड्यात भुवडांनी राजीनामा दिला. दुबईतच मुहैस्नाहला एका दुसऱ्या कंपनीत कॅम्प बॉसची जागा होती, पगार माझ्यापेक्षा कमी. मी वाढ देऊ केली. ते नाही म्हणाले. मी आणखी वाढवली. त्यांचा आकडा तोच राहिला. एकोणीस वर्षं, आणि कारण काय, तर एक पेटी खजूर. हे मला अजून पचलेलं नाही.

नोकरी सोडणाऱ्याचा माझ्या कंपनीवरचा व्हिसा रद्द करायला टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, जावं लागतं. एरवी हे काम माझा पीआरओ, सरकारी कागदांसाठी ठेवलेला माणूस, करतो. त्या दिवशी मी स्वतः गेलो. वाटलं, दोघेच असू, ते काहीतरी बोलतील, मग मलाही बोलता येईल. सेंटर भरलेलं होतं. टोकन घेऊन आम्ही बसलो, त्यांना एक खुर्ची मिळाली आणि मला तीन खुर्च्या सोडून. त्यांच्या शेजारी एक म्हातारा पठाण ड्रायव्हर होता, पासपोर्ट छातीशी धरून. अर्धा तास गेला. मग भुवडांचा फोन वाजला.

त्यांनी नाव बघितलं आणि ते उठून काचेच्या दाराबाहेर गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी एक हात भिंतीला टेकवला. माझ्या मांडीवर त्यांची फाइल होती आणि मी तिच्यातले कागद उगाच पुन्हा लावत होतो.

ते आत आले. माझ्याकडे येतील म्हणून मी अर्धा उठलो होतो. ते आपल्या खुर्चीपाशी गेले आणि त्या पठाणाला म्हणाले, "खानसाब, बेटी का वीजा हो गया."

पठाणाला बेटी कोण, कुठली, काही ठाऊक नव्हतं. तो उठला, त्याने भुवडांना छातीशी कवटाळलं, मुबारक मुबारक म्हणत त्यांची पाठ थोपटली. आजूबाजूची दोन-तीन माणसं हसली. मी परत खाली बसलो.

आमचा नंबर आला. भुवडांनी कागद पूर्ण वाचला, सही केली, माझ्याकडे सरकवला. मी सही केली. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, मुहैस्नाहला सोडतो, गाडी आहे. ते म्हणाले, "नको शेठ, बस आहे." नमस्कार केला, कॉलर सारखी केली आणि रस्ता ओलांडला.

बस आली. मी गाडीत एसी लावून बसलो होतो, पण निघालो नव्हतो. ती सुटली तशी मीही गाडी वळवून निघालो, आणि पुढच्या सिग्नलला ती बस माझ्या शेजारी येऊन थांबली. भुवड खिडकीशी बसले होते, कानाला फोन, आणि तोंड भरून हसत होते. त्यांच्या वरच्या ओळीत एक दात सोन्याचा आहे, हे मला तेव्हा कळलं.